मुकं अक्षर

शाळेच्या चिठ्ठीत गुरुवार होता. मी मंगळवार वाचला.
आमच्या फेरोई भाषेत दोन्ही वारांच्या शेपट्या सारख्या,
आणि मी शब्द पकडतो तो नेहमी शेपटीकडून;
डोकं हाती लागेपर्यंत निसटलेला असतो.
सुन्वा त्या मंगळवारी पोहण्याची पिशवी घेऊन
शाळेच्या पायरीवर उभी राहिली, गारांत.
बाकीची मुलं गणिताच्या वह्या घेऊन आत गेली.

घरी येऊन रडली नाही.
तलावाचं पाणी न पाहिलेला ओला टॉवेल
शेगडीवर वाळत घातला आणि पाठमोरीच म्हणाली,
"बाबा, तुलापण होतं ना हे?"

चाळीस वर्षं मी चष्मा घरी विसरत आलोय.
बँकेत, दवाखान्यात, होडीच्या परवान्याच्या खिडकीपाशी.
माझ्याकडे चष्मा नाही. कधीच नव्हता.
सामन माशांच्या तराफ्यावर खाद्याच्या गोण्या
मी रंगावरून ओळखतो;
कंपनीने रंग बदलले त्या वर्षी
आठ दिवस आजारी पडलो.
राग्नहिल्डला लग्नाआधीच कळलं होतं.
मी तिला एक ओळ लिहिली नाही कधी,
दर रविवारी डोंगर ओलांडून गेलो फक्त.

आमच्या लिपीत एक अक्षर आहे,
वाकड्या मानेचं, मानेवर आडवी काडी.
लिहायचं. उच्चारायचं नाही.
आमच्या सुवुरॉय बेटाच्या नावातच उभं आहे ते,
हाक मारली की नेमकं गायब.
वर्गात मी तसाच होतो:
हजेरीत आहे, ओळीत आहे,
आणि "पुढचं वाच" आलं की
माझ्यावरून पुढे जायची सगळ्यांना सवय.

आता मार्यून बाई येतात, आठवड्यातून दोनदा, बोगद्यातून.
आमच्याकडे याला शब्दांधळेपण म्हणतात.
सुन्वा त्यांना म्हणाली, "शब्द मला दिसतात हो.
तेच ओळख दाखवत नाहीत."
बाई हसल्या नाहीत. लिहून घेतलं.
मग एका पुठ्ठ्याला खिडकी कापून दिली,
एका वेळी एकच शब्द दिसेल एवढी,
धुकं सरकावं आणि
गावातलं एकच घर दिसावं तशी.
रोज अकरा मिनिटं, अंडी उकडायचं घड्याळ लावून.
बारावं नाही. बारावं मिनिट
आम्हा दोघांनाही चावतं.

ऑक्टोबरात मेंढ्या खाली आणल्या.
कुणाची कुठली, ते आमच्याकडे कानावर कोरलेलं असतं:
टोक छाटलेलं, मागून खाच, मधोमध चीर.
सुन्वा डोळे मिटून, अंगठ्याने कान चाचपत
मालकांची नावं सांगत सुटली,
आणि म्हातारा हानुस तोंडातली तंबाखू विसरला.
मला वाटलं, बघा! माझी पोर कशी वाचते!
त्यातही एक चुकली म्हणा. डावा-उजवा गोंधळ झाला,
आमची सगळ्यात धष्टपुष्ट मेंढी हानुसकडे गेली.
त्याने ती तिसऱ्या दिवशी आणून दिली,
लोकर कातरून.

आणि मेंढ्यांनी काही परीक्षा सुटत नाही.
दुसऱ्याच दिवशी तिने वही भिंतीवर फेकली,
"मी ढ आहे" म्हणाली, बाहेर जाऊन
वाऱ्यात बसली. मी शेजारी बसलो.
काय बोलावं ते मला सुचलं नाही,
म्हणून मार्यून बाईंचं वाक्य उसनं घेतलं,
तेही अर्धंच आठवलं.

काल पुठ्ठ्याच्या खिडकीत ते अक्षर आलं.
तिने त्यावर बोट ठेवलं.
"हे बोलत नाही."
"माहितीये."
"मग खोडू?"
मी खूप वेळ त्याच्याकडे पाहिलं. "नको," म्हणालो,
"शब्द चुकेल."

आज परवान्याच्या खिडकीपाशी
मी खिशात चष्मा शोधला नाही.
"मला वाचायला वेळ लागतो," म्हणालो.
आतल्या पोराने घड्याळाकडे पाहिलं.
माझ्या मागे रांग होती, तिच्यात दोन ओळखीचे खोकले.
मी कागदावर बोट ठेवलं
आणि वेळ लावला.